प्रार्थनेनंतरचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्यांची पापं ऐकून घेणं हे माझं कामच. पण स्वतःच्या पापनिवेदनात हे एवढं मी दरवेळी गाळत आलो.

पनवेलमागच्या डोंगरातलं आमचं मिशन एका स्पॅनिश फादरांनी उभं केलं. विहीर त्यांची आणि नियमही त्यांचाच : आधी घंटा, मग प्रार्थना, मग पाणी. ते कधीच वारले, नियम राहिला. होळीनंतर विहीर आटते. करंजाड्याचा टँकर खालच्या सोसायट्या भरून झाल्या तरच वर चढतो आणि मिशनची टाकी भरतो. पाणी असलं तर डाळ, नाहीतर भात-मीठ. विंचू झटकून चपला घालायच्या, अंगात ताप घेऊन मिस्साची उपासना चालवायची. मी पार थकलो होतो. त्यात नळ आधी सोडला तर प्रार्थनेला कुणी थांबणार नाही, हेही माहीत होतं.

वाडीतल्या कातकरी बायका प्रार्थनेला रिकामे हंडे घेऊन मागे बसत. "फादरचा देव लय हलू ऐकतो बाय," एक म्हणायची आणि बाकीच्या पदराआड हसायच्या.

एका सकाळी तीच दारात आली. "फादर, सासू तापानं फनफनलीय. एक हंडा आदी द्या. तुमचं गानं मी मागनं येऊन गाते."

"वरून हुकूम आहे, बाई. माझ्या हातात नाही."

टाकी भरलेली होती. नळाची किल्ली माझ्या खिशात होती.

ती ओढ्यातल्या झऱ्याकडे गेली. भरला हंडा घेऊन चढताना दरडीवरून घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. मिशनच्या जीपमधून मी तिला पनवेलला नेलं, दवाखान्यात बसून राहिलो. वाडीत माझं नाव झालं.

तिचा पाय आखूडच राहिला. वीटभट्टीचा मुकादम आता तिला घेत नाही. नवरा एकटा जातो, ही मागे राहते. मला पाहिलं की आल्यागेल्याला सांगते, "या बाबानं वाचवलं मला. पान्याचं काय, त्याला बी वरचे लोक सोडू देत नव्हते." मी मान डोलावतो.

हल्ली नळ पहाटेच सोडतो. प्रार्थनेला दोन-तीन म्हाताऱ्या येतात. वरून परवानगी आली, असं मी वाडीत सांगितलं. तेही खोटंच.

वरून हुकूम कुणाचाच नव्हता, पाणी मीच अडवलं, हे तिला तोंडावर सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.