वाहतं पाणी नसल्यास

माझ्या नावावर एकेचाळीस पुस्तकं आहेत. लोणची, उपासाचे पदार्थ, डब्यातल्या भाज्या, मधुमेह्यांसाठी गोड. लोक विचारतात, एवढं लिहिता कसं? अरे बाबांनो, प्रकाशकाचा फोन येतो आणि मी लिहितो, त्यात काय मोठं! मुंबईच्या हॉटेलात कांदे सोलण्यापासून मुख्य शेफपर्यंत चढलो, पण नाव झालं ते पुस्तकांनी. आणि पुस्तकं चालली ती एका शब्दावर. नसल्यास. खसखस नसल्यास काजू, कोकम नसल्यास चिंच, पाटा नसल्यास मिक्सर. वाचणारीला वाटतं, बघा, या माणसाला आपल्या घरातलं कळतं. आटगावचा माझा फ्लॅट त्या एका शब्दावर उभा आहे असं मी गमतीनं म्हणायचो. आता म्हणत नाही.

चार वर्षांपूर्वी रानभाज्यांची टूम निघाली. प्रकाशकांनी सांगितलं, तुम्ही तर शहापूर-मुरबाडकडचे, तुमच्याशिवाय कोण लिहिणार? मी लगेच हो म्हणालो. खरं सांगायचं तर सोळाव्या वर्षी घर सोडल्यापासून एकही रानभाजी मी स्वतः निवडली नव्हती. पण बाय होती ना!

बाय म्हणजे माझी थोरली बहीण. मुरबाडकडच्या म्हसा गावाच्या पुढे, डोंगराला लागून तिचं सासर. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मुलगा, सून आणि दोन नातवंडं. बायला अक्षर वाचता येत नाही, पण रानातलं काय खावं, कधी खावं आणि कशाच्या वाटेला जाऊ नये, हे विचारायला आसपासच्या बाया तिच्याकडे येतात. तोच तिचा मान. आठ दिवस रोज दुपारी मी फोन करायचो, ती सांगायची, मी लिहून घ्यायचो. "तुला काय रे एवढं शिकवून धाडलं, तरी माझंच डोकं खातंस," असं म्हणायची आणि पुढचं सांगायची. तिला बरं वाटत होतं. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिण्यात मला लाज कधीच वाटली नाही, तेव्हाही वाटली नाही.

कडूकंद म्हणजे रानातला विषारी कंद; त्याच्याशी आल्यावर मात्र तिचा आवाज बदलला. "हे नीट लिव. उकडायचा, काप करायचे, राख लावायची, टोपलीत घालून वढ्याच्या वाहत्या पान्यात रातभर ठेवायचा. वाहतंच पायजे. साचल्या पान्यात ईख तिथंच र्‍हातं. सकाळी जिनं केलं तिनंच पयला काप खायचा आन् बसून र्‍हायाचं. भात व्हईस्तोवर तिला काय झालं नाय, तर मंग पोरांना द्यायचं."

मी शब्द न् शब्द लिहून घेतला. ती वही अजून माझ्याकडे आहे.

संपादकबाई भली बाई होती. ती म्हणाली, सर, हे छान आहे, पण वाचकाकडे ओढा कुठून येणार? काही पर्याय द्या ना. आणि तो पहिला काप खाऊन बसायचा भाग काढू या, लोक घाबरतील. आता इथं शहाण्या माणसानं काय करावं? ती पाककृतीच काढून टाकावी. मी काय केलं? उचलली जीभ लावली टाळ्याला. वाहतं पाणी नसल्यास मिठाच्या पाण्यात चार तास, पाणी दोनदा बदलून. कारल्याचा कडूपणा मिठानं उतरतो, मग याचाही उतरेल, एवढाच माझा आधार. करून बघितलं नाही. चाखून बघितलं नाही. शेफ म्हणवणारा माणूस मी! प्रस्तावनेत 'ग्रामीण भगिनींचे आभार' अशी एक ओळ टाकली आणि मोकळा झालो.

पुस्तक आलं तशी एक प्रत बायकडे पोचवली. तिनं ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली, असं सुनेनं सांगितलं.

पुढच्या थंडीत तिच्या मुलानं कंद खणून आणले. त्या वर्षी रस्त्याच्या कामाचा भराव पडून ओढा बुजला होता, नुसती डबकी उरली होती. बाय म्हणाली, मग राहू दे. सून शिकलेली, उत्साही. तिनं पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं, आई, मामांनी लिहिलंय, मिठाच्या पाण्यात चार तास. बाय म्हणाली, "छापलंय म्हंजे त्यानं करून बघितलं असंल. मोठ्या हाटेलात शिकलाय तो." जन्मभर जे हातानं केलं, ते तिनं माझ्या एका ओळीपुढे बाजूला ठेवलं.

पण पहिला काप तिनंच खाल्ला. पोरांना हात लावू दिला नाही. म्हणून पोरं वाचली.

मला फोन आला तेव्हा ती मुरबाडच्या दवाखान्यात होती. उलट्या, तोंड बधिर, शुद्ध नाही. तिथून मोठ्या हॉस्पिटलात. तीन दिवस डॉक्टर नीट बोलेनात. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो आणि माझ्या मनात काय चाललं होतं सांगू? बाय जगू दे, हे होतंच. पण त्याच्या जोडीला, हे कुणाला कळू नये, हेही होतं. थू असल्या जिण्यावर.

चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले. सून रडत तिच्या पायाशी उभी, मी उशाशी. बायनं माझ्याकडे बघितलं आणि एकेक शब्द ओढत म्हणाली, "माझंच चुकलं असंल रे. तुला फोनवर सांगताना. आता ध्यानात र्‍हात नाय माझ्या. पोरीला बोल लावू नका."

एवढंच म्हणायचं होतं, नाही गो बाय, तू बरोबर सांगितलंस, मी बदललं. जेमतेम एका श्वासाचं काम. सुनेचे डोळे माझ्यावर होते. मी म्हणालो, "तू आराम कर."

नऊ दिवसांनी ती घरी गेली. मी आटगावला आलो, प्रकाशकांना फोन करून ती पाककृती दुरुस्त करायला सांगितली. उरलेल्या प्रती मागे घ्या म्हणायला हवं होतं. तेही म्हणालो नाही, कारण मग कारण सांगावं लागलं असतं. दुसरी आवृत्ती वर्षानं आली. त्यात बायचं सांगणं जसंच्या तसं छापलं, पहिल्या कापासकट. चुकीबद्दल अवाक्षर नाही. एक प्रत तिकडेही गेली. कुणी पाठवली, मला आजतागायत माहीत नाही.

एके दुपारी बायचा फोन आला. ती स्वतःहून कधी करत नाही.

"सुनेनं दोनी पुस्तकं वाचून दावली. आता वाहतं पानी लिवलंस."

"हो."

"मी आदी बी तसंच सांगितलं व्हतं?"

वही माझ्यासमोरच कपाटात होती. "तसंच सांगितलं होतंस, बाय. मी बदललं."

तिच्या मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता शिव्या घालेल. घाल गो, मनात म्हटलं, घाल एकदाची.

"वरीस झालं," ती म्हणाली, "मी चुलीकडं गेले नाय. बाया इचारायला आल्या त्यांना परत धाडलं. म्हटलं, माझं डोकं गेलंय, पोरांना ईख घालीन एखाद्या दिवशी. आन् तुला ठाव व्हतं?"

"होतं."

फोन सुनेच्या हातात गेला. मी विचारलं, "काय करतेय ती?"

"चुलीपाशी जाऊन बसल्यात, मामा," सून म्हणाली. "पेटवत नाहीत. नुसत्या बसल्यात." मग थोडं थांबून म्हणाली, "तुम्ही नका येऊ इतक्यात."