बाहेरून आलेले: शून्य

फोंडा घाट उतरताना माझे कान बंद झाले आणि डोकं मात्र चालू झालं. मांडीवर वीसेक वाड्यांच्या याद्या होत्या. मी कोल्हापुरात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई. माझी जुनी विद्यार्थिनी शर्मिला आता कुडाळ भागातल्या गावांच्या याद्यांचं काम बघते. तिने फोन केला होता, "बाई, बाहेरून येऊन राहिलेले किती, कुठे वाढतायत, एकदा नजर टाका ना. चूक सापडली तर जागेवर दुरुस्त करून आणा." चुका शोधायला मला आग्रह करावा लागत नाही. मे संपत आला होता, उकाडा मरणाचा होता, तरी मी निघाले.

आधी मालवणच्या जेटीवर गेले. जाळी उकलत बसलेल्या खलाशांत कर्नाटकातले होते, ओडिशाचे होते, नेपाळचे तर बरेच. एका होडीमालकाला विचारलं, हे सगळे आले कसे?

"एकटो इलो (आला), बाईनू. मगे तेचो मेवणो, मगे मेवण्याचो भाव. आता तेंचो अर्धो गाव हयसर (इथे) आसा."

मी खूश. वर्गात मी हेच विरजणाचं उदाहरण देऊन शिकवत असे. चमचाभर घातलं की भांडंभर लागतं. जिथे आधी कोणीतरी आहे तिथेच नवा माणूस येतो. जिथे दोघेच आहेत तिथे आणखी दोघे आले की आकडा दुप्पट होतो आणि सगळे दचकतात. जिथे शंभर आहेत तिथे दोघे आले तर कुणाला पत्ताही लागत नाही. माझ्या हातातल्या याद्याही शहाण्यासारख्या याच चालीने चालल्या होत्या. फक्त एक वाडी सोडून. वालावलच्या पुढची, आंबा-काजूच्या बागांमधली. शेजारच्या प्रत्येक वाडीत नेपाळी राखणदार होते, आणि हिच्यापुढे लिहिलेलं होतं, 'बाहेरून आलेले: शून्य.' असं शून्य दिसलं की मला झोप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याने मला एक फाटा आधीच उतरवलं. जांभ्या दगडाच्या वाटेवर चपलेचा अंगठा तुटला. ज्यांनी यादी लिहून दिली होती त्या आबांच्या अंगणात मी एक चप्पल हातात घेऊन पोचले. इतकी वर्षं मुलांना शिस्त लावली त्याचं हे फळ.

"येवा, बसा," आबा म्हणाले. वय ऐंशीच्या आसपास, आवाज खणखणीत. चुलीशी एक बाई घावणे घालत होती. माझ्या पायांकडे बघून ती उठली आणि तिने पायरीजवळच्या आपल्या चपला आणून माझ्यापुढे ठेवल्या. रंग गोरा, डोळे बारीक. मी आबांकडे बघितलं.

"तुमच्या वाडीत बाहेरून आलेलं कोणी नाही?"

"कोणूच नाय."

"आणि ह्या?"

"ती धनमाया. ती आमचीच आसा."

घावणे आले, काळ्या वाटाण्यांची उसळ आली, आणि हळूहळू सगळी गोष्ट बाहेर आली. धनमाया नेपाळहून आली त्याला सतरा वर्षं झाली. नवरा आबांची बाग राखतो. कडेवरून आणलेली मुलगी यंदा बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं, त्यासाठी रहिवासी दाखला हवा होता, तोही सोमवारपर्यंत. आणि दाखला अडला होता, कारण धनमायाच्या घराचं नावच यादीत नव्हतं. यादीला दोनच भाग, 'मूळचे' आणि 'बाहेरून आलेले'. ती मूळची नव्हती आणि आबांनी तिला बाहेरची लिहिलं नव्हतं.

"माका जमीन नको, काय नको," धनमाया म्हणाली. मालवणी तिला माझ्यापेक्षा सरस येत होती. "चेडवाक (मुलीला) शिकाक होया."

मी कागद पुढे केला. "आबा, सोपं आहे. दुसऱ्या भागात नाव घाला आणि सही करा."

आबा तांबडेलाल झाले. "माज्या आजारपणात हिणा माका भरवल्यान. हिका भायली (परकी) लिवू? माजो हात धजाचो नाय!"

"मग मूळची लिहा."

"खोटा कसा लिवू?"

त्यांनी मुंबईच्या तिन्ही मुलांना, सुनांना आणि नातवंडांना मात्र 'मूळचे' म्हणून बिनधास्त राहतं दाखवलं होतं. ते मी विचारलं. "गणपतीक येतत ते," आबा म्हणाले. मी कपाळावर हात मारला. मी नियम समजावले, आवाज चढवला, शेवटी विनवलंसुद्धा. म्हातारा हलेना. धनमाया खाली मान घालून उभी होती. माझा सगळा आत्मविश्वास घावण्यासारखा तव्यावर पसरला होता आणि तिच्या मुलीचं वर्ष जाणार हे मला लख्ख दिसत होतं.

इतका वेळ पडवीत नारळ सोलत बसलेल्या आबांच्या बायकोने, काकींनी, कोयता खाली ठेवला.

"मी खंयची?" त्यांनी विचारलं.

"आरोंद्याची," आबा म्हणाले.

"मगे माका मूळची कित्याक लिवलात? साठ वर्सांआदी मी भायरसूनच इलंय मा? बाईनू, ह्या भायल्यांच्या यादीत पयला माजा नाव घाला. तेच्या खाली धनमायाचा."

आपल्याकडे गाव सोडून दुसरीकडे राहायला जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त कोण, तर लग्न होऊन गेलेल्या बायका, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत आले. शाळा न शिकलेल्या काकींनी ते भरल्या अंगणात वापरून दाखवलं. आबांनी कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "तू भायली, तर मगे भायली म्हणणा वायट नाय," आणि त्यांनी सही केली. धनमाया पदर तोंडाला लावून आत गेली. मी चष्मा पुसला. घामाने नव्हता भिजला.

वाडीच्या नावापुढचं शून्य मी खोडलं. एकदा काकींनी सुरुवात केल्यावर शेजारच्या बायकाही येऊन आपापलं माहेर सांगायला लागल्या आणि मला मागच्या पानावर रेघा ओढाव्या लागल्या. इतकी वाढ मी कुठल्याच वाडीत पाहिली नव्हती.

धनमायाने चपला परत घेतल्या नाहीत. सोमवारी परतीच्या एसटीत बसले होते तेव्हा शर्मिलाचा फोन आला, दाखला मिळाला. शेजारच्या बाईने माझा हसरा चेहरा बघून गप्पा काढल्या.

"कुठल्या तुम्ही?"

'कोल्हापूरची' हे उत्तर छत्तीस वर्षं माझ्या जिभेवर तयार असतं. आई गेल्यापासून तर दुसरं कुठलं नाव मी घेतलंच नव्हतं.

"अमरावतीची," मी म्हणाले. "लग्न होऊन कोल्हापूरला आले."