मागच्या डाव्या चाकातला मुद्देमाल

साहेबांच्या गाडीचा तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. ब्रेक दाबला की मागून, जात्यात खडा सापडावा तशी घरघर यायची. दसरा होऊन चार दिवस झाले होते. जिल्ह्याचे इंग्रज पोलीस साहेब मोहोळहून परत येत होते. सोलापूरच्या बाजारात शिरताना त्यांची गाडी थांबायच्या ऐवजी थेट कडब्याच्या गंजीत घुसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण साहेबांच्या टोपीत, कॉलरमध्ये, मिशीत सगळीकडे कडबा. भर बाजारात लोक हसले, आणि तेच आम्हाला भोवलं.

दिवसही तसेच होते. शहरात चळवळीची धामधूम. वाऱ्याने दाराची कडी वाजली तरी साहेबांना त्यात कट दिसायचा. त्यांनी मला बोलावून सांगितलं की हा घातपात आहे, ड्रायव्हर फितूर झाला आहे, शनिवारी संध्याकाळपर्यंत अहवाल पाहिजे. मी तेव्हा नवा फौजदार, गणवेशाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. सलाम ठोकून बाहेर आलो.

आमचा एक खबऱ्या होता, पानाचं दुकान चालवायचा. त्याच्या पोटात बातमी म्हणून टिकत नसे, आणि नसली तर तो तयार करी. त्याने सांगितलं की ड्रायव्हर रोज दुपारी गाडीखाली आडवा पडून चाकाशी खुडबुड करतो आणि स्वतःशीच बोलतो. मला एवढं पुरे होतं. ड्रायव्हरला ठाण्यात आणून बसवलं. मोहोळकडचा, पन्नाशीचा, शांत माणूस. गुन्हा शाबीत झाला असता तर पाच-सात वर्षं खडी फोडायला गेला असता, आणि घरची सगळी माणसं त्याच्या एकट्याच्या जिवावर.

टेबलावर रूळ आपटून मी विचारलं, चाकात काय केलंस? तो म्हणाला, केलं काहीच नाही, आवाज कुठून येतो ते बघत होतो. मग आरोपीने फौजदाराची शिकवणीच घेतली. ब्रेक दाबला तरच वाजतं, म्हणजे बेअरिंगचा दोष नाही. ब्रेक लावला की गाडी एका अंगाला ओढते. उतार उतरून आल्यावर चारही चाकांना हात लावून पाहिला, तर चटका बसतो तो फक्त मागच्या डाव्या चाकाला. हवालदार जबाब लिहून घेत होता. नेमका आवाज कसा, म्हणून त्याने तो तीनदा काढून दाखवायला लावला. तो ऐकायला अख्खं ठाणं दारात गोळा झालं.

मग चाक खोलून का नाही पाहिलंस, असं दरडावल्यावर तो म्हणाला की परवानगीचा अर्ज तीन दिवसांपूर्वीच दिला आहे. अर्ज आमच्याच टेबलावर, माझ्या कोपराखाली निघाला. तरी मी हटलो नाही. हे काम कुणाचं, असं विचारलं तेव्हा मात्र त्याने मान खाली घातली. आमच्या धंद्यात गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, आणि तोही लपवतच होता. मला मुद्दा सापडल्याचा आनंद झाला.

साहेबांना बंगल्यावर बोभाटा नको होता, म्हणून शनिवारी सकाळी गाडी माझ्या क्वार्टरच्या अंगणात आणली. दोन पंच बोलावले, एक किराणा दुकानदार आणि एक तेलुगू विणकर. चाक खोलता येणारा ठाण्यात दुसरा कुणी नव्हता, म्हणून आरोपीच्याच बेड्या काढून त्याच्या हातात पाना दिला. त्याने जॅक लावला, चाक काढलं. आत लोखंडी ड्रम आणि त्याभोवती पट्टा. पायाने ब्रेक दाबला की पट्टा ड्रमला आवळतो आणि चाक थांबतं, एवढाच तो कारभार. त्याने पट्टा सैल केला आणि आतून एक काळा तुकडा टपकन खाली पडला.

दुकानदार चार पावलं मागे सरला. बॉम्बचा तुकडा असणार, असं तो पुटपुटला. हवालदाराने पाण्याची बादली मागवली. मी घसा खाकरून पंचनामा सांगू लागलो, "काळा, बाकदार, कठीण पदार्थ, उगम अज्ञात, स्फोटक असण्याचा संभव."

एवढ्यात माझी पत्नी चहा घेऊन आली. तिने खाली वाकून तुकडा उचलला, पदराला पुसला आणि म्हणाली, "अहो, ही करवंटी आहे. नारळाची."

मला खंडेनवमी आठवली. दसऱ्याच्या आदल्या त्या दिवशी हत्यारांबरोबर गाडीची पूजा झाली होती. हा ड्रायव्हर विनवत होता की नारळ खालच्या दगडावर फोडा. मीच त्याला गप्प करून, हवालदारांसमोर ताकद दाखवायला, नारळ मागच्या डाव्या चाकावर हाणला होता. एक तुकडा आऱ्यांतून थेट पट्ट्यात गेला होता.

मी ड्रायव्हरला विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"तवाच वाटलं व्हतं, सायेब," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण इचारणारं बी तुमीच. तुमाला तुमचंच नाव कसं सांगू?"

मला लाज वाटली. तेवढी पुन्हा कधी वाटली नाही. त्याने निमूटपणे रॉकेलच्या चिंधीने ड्रम पुसला, ओरखडे पॉलिश पेपरने घासले, पट्टा बेताने आवळला. पोलीस लाइनीच्या उतारावर चारदा ब्रेक दाबून पाहिला. गाडीचा हूं नाही की चूं नाही.

हवालदाराने हळूच सुचवलं की अहवालात दगड लिहा. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण पट्ट्यात दगड आपोआप शिरत नाही, साहेबांनी पुन्हा ड्रायव्हरलाच धरलं असतं. शेवटी मी माझंच नाव लिहिलं. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि विचारलं की पोलीस खात्याचा माणूस मोटारीला फळाने का मारतो? मी पाऊण तास पूजा समजावली. त्यांना ती पटली नसावी, कारण माझ्या सेवापुस्तकात 'उत्साह गरजेपेक्षा अधिक' असा शेरा पडला. ड्रायव्हर मात्र सोमवारी पुन्हा गाडीवर होता.

पुढे सगळ्या नोकरीत, जबाब संपला की मी प्रत्येकाला एक प्रश्न जादा विचारत आलो: "यात माझी काही चूक आहे का?" जवळजवळ सगळे म्हणाले, नाही सायेब. त्यांतले किती जण खरं बोलले आणि किती जण मला घाबरले, हे मला आज निवृत्तीनंतरही सांगता येत नाही.