आरतीचा चार्ज माझ्याकडे

रायपूरजवळ उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका रोलिंग मिलमध्ये मी सळई तपासतो. ओढून बघायची, वाकवून बघायची, रिपोर्टावर सही करायची. नेमणुकीच्या कागदात एवढंच लिहिलंय. गणपतीची आरती म्हणणं, नारळ फोडणं आणि प्रसादाच्या शिऱ्यात साखर किती घालायची ते सांगणं, ही कामं मला वरून मिळाली, कारण मी महाराष्ट्रातून आलो.

नागपूरहून आलो तेव्हा पहिले सहा महिने मला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. ‘वो नागपुरवाला’ एवढीच ओळख. दुपारी लॅबमागच्या खोलीत पाच जण एका टेबलाशी बसायचे, सगळे डबे मधोमध उघडायचे आणि एकमेकांचं खायचे. मी माझ्या जागेवर, रिपोर्ट बाजूला सारून. मग गणपती आले. मॅनेजरसाहेब स्वतः लॅबमध्ये आले.

“आप तो महाराष्ट्र के हो. इस बार गणपति आप ही बैठाओगे, एकदम असली मराठी तरीके से.”

आता, आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव गेले. गणपती आमच्याकडे बसत नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण साहेब हसत होते, मागे चार जण आशेने बघत होते, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच कोणाला माझी गरज पडली होती. मी “जी सर” म्हटलं आणि घरी जाऊन मोबाईलवरून आरती पाठ केली. स्वतःचा इतका राग क्वचितच आला असेल.

वैताग असा की त्याच लॅबमध्ये तात्यापारा या रायपुरातल्या जुन्या मराठी मोहल्ल्यातले एक सिनियर होते. मराठ्यांच्या राज्यापासून त्यांचं घराणं रायपुरात. घरी पिढ्यानपिढ्या गणपती, आरत्या त्यांना झोपेतही येतात. पण साहेबांच्या लेखी ते ‘अपने रायपुरवाले’, आणि मराठी म्हणजे मी. मी मराठीत बोललो की ते हिंदीत उत्तर द्यायचे. आरतीत माझी ओळ अडली की मागून हळूच पुढची सांगायचे आणि पुन्हा टाळ्या वाजवत उभे राहायचे.

पहिल्या आरतीच्या दुसऱ्याच दिवशी टेबलाला सहावी खुर्ची लागली, माझी. नंतर विश्वकर्मा पूजा माझ्याकडे आली आणि दसऱ्याची मशिनींची पूजाही. वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून ती सहा जणांना पुरेल एवढी भाजी डब्यात भरू लागली. तिच्या वांग्याच्या भाजीवर सगळे तुटून पडायचे. समोर बसणारा फिटर तर स्वतःचा डबा नंतर उघडायचा. मी खूश होतो, हे कबूल करायला हवं. चिडायचो आणि खूशही असायचो.

वडील दर दसऱ्याला आईला दीक्षाभूमीवर न्यायचे. ते गेल्यानंतर दोन वर्षं मी मशिनींच्या पूजेपायी तिला टाळलं. यंदा तिने गुडघ्याला तेल चोळता चोळता ऐकवलं, “तू नाही नेत तर मी एकटी जातो. गुडघे पुढच्या सालपर्यंत थांबून नाही राहत.”

मी रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेलो.

“दशहरे पे छुट्टी? पूजा कौन करेगा?”

“तात्यापारावाले भैया कर देंगे, सर.”

“अरे, उनमें वो बात नहीं आएगी.”

माझं डोकंच फिरलं. चार वर्षं ज्याला आरती धड येत नव्हती त्याच्यात ती बात होती. म्हटलं, “सर, मैं बौद्ध हूँ. मेरे घर में गणपति कभी बैठा ही नहीं. माँ को दीक्षाभूमि ले जाना है.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग अर्जाकडे. “अच्छा. तो पहले बताना था ना,” म्हणाले आणि सही केली. सही इतकी पटकन झाली की मला तिचाही राग आला.

बाहेर सिनियर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पहिल्यांदाच ते माझ्याशी मराठीत बोलले. “मले तर पहिल्याच दिवशी समजलं होतं. आडनावावरून.”

“मग बोलले काहून नाही?”

“तूच नाही बोलला, तर मी काहून बोलू?”



आईला नागपूरला नेलं. गर्दीत ती माझा दंड धरून दोन तास चालली, एकदाही बसू म्हणाली नाही. परतीच्या गाडीत तिने विचारलं, “सांगतलं का तू कंपनीत?”

“सांगितलं.”

“मंग आता जेवतीन का ते तुयासंग?”

मी तिच्यावर खेकसलो. कोणत्या जमान्यात राहतेस, असले लोक नाहीत ते, दोन-अडीच वर्षं खातायत तुझ्या हातचं. ती खिडकीबाहेर बघत बसली.

सोमवारी डबे उघडले, तोवर मी कुठे आणि का गेलो होतो ते सगळ्यांना कळलं होतं. सिनियरनी नेहमीसारखा माझ्या भाजीत हात घातला आणि मीठ कमी आहे म्हणाले. बाकीचे गप्पा मारत खात होते. फिटर नव्हता. कोणीतरी म्हणालं, व्रत है उसका. सोमवार होता, असेलही. मंगळवारी त्याला ॲसिडिटी झाली. बुधवारी तो आला, बसला आणि स्वतःच्या डब्यातलंच खाल्लं. डॉक्टरने तिखट बंद केलंय म्हणाला. तेही खरं असेल. चार वर्षं मी कोणाच्या उपासाकडे किंवा पोटाकडे लक्ष दिलं नव्हतं. आता मी टेबलावर आधी कोणाचा हात कुठल्या डब्यात जातो ते बघतो, आणि मगच पहिला घास घेतो. विचारणार तरी काय, आणि कोणत्या तोंडाने?

आईने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. संध्याकाळी डबा उघडते, किती उरलंय ते बघते आणि घासायला टाकते. गेल्या आठवड्यापासून ती भाजी थोडी कमी भरते.