पोट नसलेली माणसं

त्यांना सगळी इमारत पट्टीकाका म्हणायची. उभं आयुष्य एका बांधकाम कचेरीत घरांचे नकाशे काढण्यात गेलं. रेघ अशी, की केसाचा फरक पडायचा नाही. निवृत्त झाले आणि वर्षभरातच बायको गेली. मुलगा दूर, परक्या शहरात. रविवारी त्याचा फोन यायचा. "जेवलात ना?" "जेवलो." की बोलणं संपलं. दुपारी घरात फक्त फ्रीज घुरघुरायचा.

समोरच्या दारातली नर्स दुपारपाळीला लागली, तेव्हा लेकीला कडेवर घेऊन आली. "काका, पाळणाघरात जागा मिळेपर्यंत हिला सांभाळाल? अजिबात त्रास देत नाही."

शेवटचं वाक्य खोटं होतं, हे पहिल्याच तासात कळलं. ठमी अडीच वर्षांची होती.

काकांनी जुन्या नकाशांच्या कोऱ्या पाठी तिच्यापुढे टाकल्या. ठमी पेन्सिल मुठीत धरून पार खांद्यापासून हात फिरवायची. निम्म्या रेघा कागदावर, निम्म्या फरशीवर. काय काढलंस म्हणून विचारलं, तर ती नुसती बघत राहायची. काही महिन्यांनी रेघांचे गोल गोल गुंते व्हायला लागले. एकदा असाच गुंता काढून झाल्यावर तिने तो निरखून पाहिला आणि जाहीर केलं, "भूभू!" आधी रेघ, मग कुत्रा. कचेरीत असं कुणी केलं असतं, तर साहेबांनी घरी बसवलं असतं.

ती साडेतीनची झाली आणि एका दुपारी गोलाची दोन टोकं एकमेकांना भिडली. आत दोन ठिपके, खाली दोन लांब दांड्या. "आई," ठमी म्हणाली. डोक्यातूनच पाय फुटलेली आई.

काकांचे हात शिवशिवले. "अगं, पोट कुठंय हिचं? जेवलेलं जायचं कुठं?" म्हणत त्यांनी पेन्सिल घेतली आणि शेजारी मान, खांदे, कंबर, सगळं प्रमाणात काढलं. उंची कळावी म्हणून नकाशातल्या दारापाशी उभा करतात, तसला माणूस.

ठमीने तो पाहिला. मग स्वतःची आई पाहिली. "तू काढ," म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही तेच. "मला नाही येत. तूच काढ."

काकांनी रंगीत खडू आणले, लाडीगोडी लावली. ठमी खिडकीत जाऊन बसायची. पोर घरात असून घर पुन्हा गप्प झालं.

"होईल हो काका. चालायला शिकताना पडतातच की पोरं," नर्स म्हणाली.

"ती पडली नाही. मी पाडलं तिला."

मग त्यांनी तिच्यासाठी काढणंच बंद केलं. कागद जमिनीवर ठेवायचे आणि पाठ करून मटार सोलत बसायचं. कितीतरी दुपारी कागद कोरेच राहिले. एक दिवस मागून पेन्सिलीची खरखर ऐकू आली. मान अवघडली, पण काका वळले नाहीत. ठमीने हाक मारली तेव्हाच पाहिलं. पोट अजून नव्हतंच. कानांच्या जागेवरून हात निघाले होते आणि हातांना केरसुणीसारखी बोटं.

"हा कोण गं?"

"पट्टी."

"एवढी बोटं?"

"तुला खूप आहेत," ठमी ठामपणे म्हणाली.

पोट आलं ते आपलं आपण, पाच पुरी व्हायला आली तेव्हा. गोलाखाली दुसरा गोल, त्यावर बटणं. काकांना हे कुणाला तरी सांगायचं होतं. रविवारी मुलाला म्हणाले, "अरे, तिच्या माणसाला पोट आलं."

"कोणाच्या माणसाला? बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. जेवलो," काका म्हणाले.

त्याच उन्हाळ्यात नर्सला दुसऱ्या गावी नोकरी लागली. टेम्पो पहाटे आला. ठमी आईच्या खांद्यावर झोपलेली होती. उठवू नका, असं काकाच म्हणाले.

बऱ्याच दिवसांनी नर्सचा फोन आला. ठमी लाजून फोनवर येईना.

"काय काढते हल्ली?" काकांनी विचारलं.

"शाळेत डोंगर आणि झोपडी शिकवलीय. रोज तेच काढते. अगदी बाईंसारखं!"

"छान, छान," काका म्हणाले.

फोन ठेवून ते स्वयंपाकघरात आले. चहा उकळून आटला होता. त्यांनी भांडं विसळलं आणि पुन्हा कपभर पाणी चढवलं.