वडूजचा पाय

बाळांनो, लोक जमिनीचा, सोन्याचा, मुलाच्या नोकरीचा अभिमान बाळगतात. पायाच्या अंगठ्याच्या हाडाचा अभिमान बाळगणारी बाई साऱ्या सातारा जिल्ह्यात एकच, आमच्या शेजारच्या सुभेदारीणबाई. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी कांद्याएवढं हाड बाहेर आलं आहे आणि अंगठे शेजारच्या बोटांवर रेलले आहेत. हे हाड वडूजचं, म्हणजे माहेरचं, आईकडून आलेलं, असं त्या नव्या माणसाला दुसऱ्याच वाक्यात सांगतात. कुपवाडला एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थाचा उघडा पाय न्याहाळला आणि "तुमी वडूजचं न्हवं?" असं विचारलं. तो खरोखर त्यांच्या मावशीचा नातू निघाला. तेव्हापासून कुठल्याही लग्नात त्या नवरा-नवरीकडे बघतच नाहीत, खाली बघतात.

हाड चपलेला घासू लागलं तेव्हा त्यांच्या यजमानांनी, सुभेदारांनी, लष्करी कॅन्टीनमधून त्यांच्यासाठी नवे बूट आणले. बाईंनी दुसऱ्या दिवशी विळीवर धरून दोन्ही बुटांना भोकं पाडली. सुभेदार दर रविवारी ते बूट भोकाभोवती पॉलिश करतात, चेहऱ्यावरची रेषही हलू न देता. गल्लीने चुना सुचवला, बिब्बा सुचवला, गरम विटेचा शेक सुचवला. बाईंनी कुणाचंच मन मोडलं नाही. तुलना करता यावी म्हणून एका पायाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असं सगळं केलं. दोन्ही हाडं सारखीच वाढली.

मी मात्र शिस्तीत गेले. या हाडाच्या दुखण्याची माहिती छापून घेतली, फाईल केली, लाल पेनाने खुणा केल्या: पुढून रुंद बूट, बोटांमध्ये मऊ गादी, बर्फाचा शेक, आणि चालवेनासंच झालं तर शस्त्रक्रिया. त्यांनी फाईल उलटसुलट करून पाहिली. "आवं बाई, कागदानं हाड सरळ हुतंय व्हय?" कागदाने नाही, डॉक्टर करतील, असं मी म्हटलं, तर त्यांनी फाईल मिटून माझ्या हातात परत दिली.

यंदा दूध आणायला कोपऱ्यापर्यंतही जाववेना, तेव्हा कुठे बोलल्या. त्या सहा वर्षांच्या असताना आई गेली. फोटो एकही नाही. पुढे भावांनी हक्कसोडीवर सही घेतली, जमीन तिकडे गेली, त्याचं त्यांना फार काही नाही. "पर तोंड आठवत न्हाई ओ बाई. चुलीम्होरं बसायची, तिचा पाय तेवढा दिसतुय. असाच."

उजव्या पायाचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या दिवशी मी सोबत होते. सरळ अंगठ्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. "लय झ्याक झालाय," त्या म्हणाल्या, "पर ह्यो कुनाचा?"

डॉक्टरांनी डाव्या पायाची तारीख विचारली. "त्यो ऱ्हाऊ द्या," एवढंच उत्तर मिळालं.

आता त्या दूध आणायला जातात, डावीकडे किंचित लंगडत. दुखतं, ते दिसतं. बाईंना तुम्ही तरी समजावा, असं सुभेदारांनी मला दोनदा सांगितलं. माझ्या आईचे पाच फोटो आमच्या भिंतीवर आहेत. मी अजून विषय काढलेला नाही.