न फुंकलेला बोंबार्दिनो

द्राक्षांची तोडणी संपली त्या आठवड्यात प्रोकोपिसचे पुढचे दात गेले.

दात गेल्याचं दुःख त्याला जेवताना झालं नाही. त्याची बायको स्तामातेला मसूर मऊ शिजवू लागली, पाव सारात बुडवून देऊ लागली, आणि म्हातारपण मुकाट्यानं त्यांच्या पंगतीला येऊन बसलं. दुःख झालं ते बँडच्या तालमीच्या खोलीत. नवी कवळी बसवून त्यानं बोंबार्दिनो ओठांना लावला, तर पितळेतून नुसता वारा आला. गावात पाणी नसलं की नळातून येतो तसा.

बोंबार्दिनो म्हणजे तान्ह्या मुलासारखा छातीशी धरायचा पोटफुगा पितळी कर्णा. त्याचा आवाज माणसाच्या आवाजाला सगळ्यांत जवळचा. कालामियोना गावाच्या बँडमध्ये तो आवाज प्रोकोपिसचा होता, लष्करी सेवा संपवून बेटावर परतल्यापासून त्याचाच. पोटासाठी तो लोकांचे नळ दुरुस्त करी. पण कोर्फू बेटाच्या त्या डोंगरउतारावर त्याला नळवाला म्हणून कुणी ओळखत नसे.

बँडमध्ये पगार कुणालाच नाही. वाद्य मंडळाचं, गणवेश मंडळाचा, फुंकर आपली. निळा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर पितळी शिरस्त्राण आणि त्यावर तुरा. यांतल्या कुणी लढाई पाहिलेली नाही, तरी ओळ मोडणं म्हणजे रणातून पळणं असंच सगळे मानतात. वादक मेला की वर्षभर त्याची जागा ओळीत मोकळी ठेवून बँड चालतो. त्या मोकळ्या चौकोनाला रस्त्यावरचे म्हातारे टोपी काढतात. म्हणून जिवंत माणसानं ओळीत खिंडार पाडायचं नाही. प्रोकोपिसनं हे स्वतः किती पोरांना बजावलं होतं.

तेव्हा त्यानं ओळ सोडली नाही. बोटं शाबूत होती. कर्ण्याच्या कळा वेळेवर दाबायच्या, गाल थोडे फुगवायचे, आणि फुंकायचं नाही. पाच-सहा मिरवणुका अशाच गेल्या. रोज दुपारी तो कामाच्या खोलीचं दार लावून प्रयत्न करी. एखादा सूर उभा राही, थरथरे, आणि कवळी हलली की कोसळे. दातांच्या डॉक्टरानं सांगितलं होतं की या दातांनी जेवा, हसा, याहून जास्त मागू नका.

आपलं कुणाला कळलेलं नाही, असं त्याला वाटे. किंवा तसं वाटून घेणं त्याला जमलं होतं. पण संथ चालीत श्वास डाव्या पावलावर घ्यायचा, हे बँडमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. श्वास घेतला की मान जराशी मागे जाते आणि तुरा हलतो. सगळ्या ओळीचे तुरे वाऱ्यातल्या गव्हासारखे एकदम हलत, त्यात एक ताठ उभा असे. शेजारी चालणारी कालिरोई पोस्टात कामाला होती, दुसरा बोंबार्दिनो तिचा. ती फक्त जोरात वाजवू लागली. बँडमास्तर लेआंद्रोस तर प्रोकोपिसचाच शिष्य. तो त्याच्याकडे बघेनासा झाला.

गुड फ्रायडे आला. त्या दिवशीच्या शोकमार्चमध्ये मध्यावर सगळी वाद्यं मागे सरतात आणि बोंबार्दिनो एकटे उरतात. स्तामातेला त्याच्या कोटाची बटणं लावत होती. यंदा घरीच राहा, ती म्हणाली.

"आणि जागा? मी काय मेलोय?"

"मेलेला माणूस निदान खोटं तरी वाजवत नाही," ती म्हणाली आणि शेवटचं बटण लावून आत गेली.

म्हणजे हिला माहीत होतं. ते वाक्य घेऊनच तो ओळीत उभा राहिला.

उन्हं उतरता उतरता चर्चमधून ख्रिस्ताची फुलांनी झाकलेली तिरडी निघाली. खिडक्यांत मेणबत्त्या, उंबऱ्यांवर धुपाटणी घेतलेल्या बायका. मार्च सुरू झाला. वळणावर गल्ली अरुंद होते. तिथे धुराचा लोट ओळीवर आला आणि कालिरोईला ठसका लागला. तो थांबेना. क्लॅरिनेट मागे सरले, ढोल दबला, आणि एकट्या बोंबार्दिनोंची जागा आली. कालिरोई खोकत होती. प्रोकोपिसनं सगळा जीव ओठांत आणून फुंकलं. वारा आला. कवळी सरकली.

मार्चच्या मधोमध खड्डा पडला. बूट फरशीवर घासत होते, तेवढाच आवाज.

मग कडेनं काहीतरी उठलं. एक बाई धुपाटणं हलवत ओठ मिटून ते सूर गुणगुणत होती. तिच्या पलीकडचा चांभार, मग बाल्कनीतली म्हातारी, मग सगळा पदपथ. बेसूर, हळू, घशातल्या घशात. त्याचेच सूर होते ते. आणि सुरावटीच्या तिसऱ्या ओळीच्या मध्यावर सगळे थबकले, श्वास घेतला, पुढे गेले. प्रोकोपिस हादरला. तिथे श्वास नाही. मार्च लिहिणाऱ्यानं तिथे सूर अखंड धरायला सांगितला आहे. पण तरुणपणी त्याची छाती सिगारेटींनी पोखरलेली, तिथे त्याचा दम तुटे. पुढे सिगारेट सुटली, सवय राहिली. गावानं तो मार्च कागदावरून थोडाच ऐकला होता? गावानं त्याची धाप पाठ केली होती.

त्यानं बोंबार्दिनो ओठांवरून काढला आणि काखेत धरून चालू लागला. पाऊल चुकलं नाही.

"वर धर, गाढवा," मागच्या ओळीतला पांदेलिस कुजबुजला. तो क्लॅरिनेट वाजवी. दोघे एकाच वर्षी बँडमध्ये आले होते. "लोक बघतायत."

"ऑक्टोबरपासून वाजवत नाहीये मी."

"माहितीय. सगळ्या गावाला माहितीय. कालिरोईला काय घसा फाडायची हौस आलीय होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"मेल्याशिवाय जागा सुटत नाही, हे आमच्या डोक्यात घातलं कुणी?" एवढं बोलून पांदेलिसनं क्लॅरिनेट तोंडात धरला, कारण त्याचे सूर आले होते. कालिरोईचा श्वासही परतला होता.

चर्चच्या अंगणात ओळी सुटल्यावर प्रोकोपिस लेआंद्रोससमोर गेला. उद्यापासून मी पदपथावर, तो म्हणाला. लेआंद्रोसनं बराच वेळ हातमोजे काढण्यात घालवला.

"जागा मोकळी ठेवू का, बार्बा?" त्यानं विचारलं. बेटावर वडीलधाऱ्याला बार्बा म्हणतात.

"खबरदार. जिवंत आहे मी. ओळ आवळून घे."

शनिवारी सकाळी लोकांनी रिवाजाप्रमाणे खिडक्यांतून पाण्यानं भरलेली मडकी रस्त्यावर फोडली. खापऱ्या तुडवत बँड आला, आनंदाचा मार्च वाजवत. प्रोकोपिस बेकरीच्या दाराशी उभा होता. हातांचं काय करावं ते त्याला कळेना, म्हणून ते त्यानं खिशात घातले. कालिरोईनं नजर समोरच ठेवली, शिस्तीत, आणि ते त्याला आवडलं. ओळ पुढे गेली. कोपऱ्यावर आधी क्लॅरिनेट विरले, मग कर्णे. ढोल थोडा वेळ भिंतींतून येत राहिला.

इतक्या वर्षांत संगीत त्याच्यापासून कधी लांब गेलं नव्हतं, कारण तो त्या सुरांबरोबरच चालत असे. पदपथावरच्या माणसांना ते नेहमी असंच ऐकू येत आलं होतं: येताना, आणि मग जाताना. ढोल ऐकू येईनासा झाला तरी तो तिथेच उभा राहिला. शेजारची माणसं पांगून खापऱ्या झाडायला लागली होती.